सोवळं कुणी कुणाला विचारायचं?

आमच्या आजीचं सोवळं परसातल्या वलणीवर वाळायचं. वलणी चांगली उंच, त्यामुळे लुगडं काठीच्या टोकावर घेऊन वर टाकावं लागे आणि उतरवतानाही काठीच. आम्हा पोरांना त्या बाजूला फिरकायची बंदी होती. तरी खेळताखेळता कुणाचा तरी हात लागायचाच. आजी ओरडायची नाही. "झालं!" एवढंच म्हणायची आणि लुगडं पुन्हा बादलीत बुडवायची.

एक सकाळ मला चांगली आठवते. सहाणेवर गंध उगाळून झालं होतं, परडीत फुलं होती, समईत वात घातलेली होती. आजी सोवळं नेसून देवघराशी आली आणि पाट न मांडताच माघारी फिरली. "आज तू कर रे पूजा," मला म्हणाली, "माझं मन ठिकाणावर नाही." आदल्या रात्री धाकट्या जावेला ती काहीतरी लागट बोलली होती, हे मला पुढे आईकडून कळलं. देवापुढे बसायला आज आपण लायक नाही, हे तिचं तिनेच ठरवलं. तिला कुणी विचारलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं.

आता याच आजीची दुसरी गोष्ट. भांडी घासायला येणारी बाई परसदारानेच यायची. तिने घासून पालथी घातलेली भांडी आजी वरून पाणी शिंपडून आत घ्यायची. बाईचा चहाचा कप वेगळा, कान तुटलेला, मागच्या कोनाड्यात ठेवलेला. ती वीसेक वर्षं आमच्याकडे होती. आमचं देवघर कुठल्या खोलीत आहे हे तिला ऐकूनच माहीत असावं.

धार्मिक शुद्धतेवर बोलायचं म्हटलं की मला या दोन्ही आज्या एकदमच दिसतात. एकीने शुद्धतेचा प्रश्न स्वतःला विचारला. दुसरीने तो भलत्याच बाईच्या वतीने, तिला न विचारता, सोडवून टाकला. माझं म्हणणं असं की उपासनेआधीची शुद्धता ही खरी आणि हवीशी गोष्ट आहे, पण तिच्यात 'मी तयार आहे का?' एवढाच प्रश्न बसतो. दारात उभं राहून 'तू तयार आहेस का?' असं दुसऱ्याला विचारायला लागलं की त्याचा पहारा होतो. आपल्याकडे देवळांच्या दारात झालेली बहुतेक भांडणं या पहाऱ्यावरून झाली आहेत.

आधी पहिल्या आजीच्या बाजूने बोलतो, कारण तिची बाजू घेणारे हल्ली कमी झालेत. 'मन शुद्ध असलं म्हणजे झालं, बाकी सगळं थोतांड' हे वाक्य ऐकायला सुधारकी वाटतं, पण बरेचदा ते आळसापोटी आलेलं असतं. मन शुद्ध आहे का हे बघायला आधी थांबावं लागतं आणि थांबायला काही निमित्त लागतं. चपला काढणं, पाय धुणं, आचमन, डोक्यावर पदर किंवा रुमाल घेणं ही ती निमित्तं. नमाजाआधीचं वजू बघा. मनगटापर्यंत हात, मग चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, ओला तळवा डोक्यावरून, शेवटी घोट्यापर्यंत पाय. दोन-तीन मिनिटांचं काम. पण बाजारातून, भांडणातून, हिशेबातून उठून आलेला माणूस तेवढ्या वेळात तिथला इथे येतो. आणि पाणीच नसेल तर? तर तयम्मुम आहे. स्वच्छ मातीवर हात टेकवायचे आणि चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवायचे. पाणी मिळालं नाही म्हणून कुणी बाहेर राहू नये, ही काळजी नियमातच घेतलेली आहे. नियम करणाऱ्याला माणूस आत यायला हवा होता, हे त्यावरून कळतं.

वारीचंही तसंच. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, ऊन-पावसात अठरा-वीस दिवसांची पायपीट. तयारी त्या चालण्यातच होते. गळ्यात माळ घातली की मांस-मद्य सुटलं, एकादशी मागे लागली, खोटं बोलताना जीभ अडखळायला लागली. हे सगळं वारकरी स्वतःच स्वतःला लावून घेतो. आणि एवढं चालून गेल्यावर अनेकांना गाभारा मिळतच नाही. कळसाकडे बघून हात जोडायचे, नामदेव पायरीवर डोकं टेकायचं आणि घराची वाट धरायची. 'दर्शन झालं का हो माउली?' विचारलं तर 'झालं की!' म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात.

याच ठिकाणी एक बारीकशी तक्रार नोंदवून ठेवतो. 'नाही निर्मळ मन, काय करील साबण' ही तुकोबांची ओळ म्हणून सगळ्यांच्या तोंडी असते आणि कर्मकांडाला नावं ठेवायला ती हमखास काढली जाते. गाथेत तिथे 'मन' नाही, 'जीवन' आहे, आणि जीवन म्हणजे पाणी. पाणीच गढूळ असेल तर साबण काय करणार, तसं चित्तच शुद्ध नसेल तर उपदेश काय करणार, असा तो दाखला आहे. तुकोबांचं साबणाशी काही वाकडं नव्हतं. आपणच एक शब्द बदलून त्यांना आंघोळीच्या विरोधात उभं केलं.

मग तयारीचा नियम कुठला आणि पहाऱ्याचा कुठला, हे ओळखायचं कसं? मी एक साधी खूण लावतो. तयारी म्हणजे करता येण्यासारखी गोष्ट. चपला काढता येतात, हात धुता येतात, उपास धरता येतो, रुसलेल्याची समजूत काढता येते. जो नियम काहीही केलं तरी पुरा होत नाही, त्याला तयारीचा नियम कसं म्हणायचं? अमुक जातीत जन्मलो, हे कुठल्या पाण्याने धुवायचं? बाईचा देह मिळाला, हे कुठल्या मातीने घासायचं?

कळस बघून आपणहून माघारी फिरणं वेगळं आणि हाकललं गेल्यामुळे कळसावर समाधान मानणं वेगळं. चोखोबांच्या वाट्याला दुसरं आलं. जन्मभर नाम घेतलं, अभंग रचले, आणि समाधी मिळाली ती महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर. त्यांची बायको सोयराबाई मात्र या शुद्धतेच्या मुळालाच हात घालते. 'देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध' अशी सुरुवात करून ती पुढे विचारते, विटाळावाचून निर्माण झालेला देह जगात आहे तरी कुठला? हा चौदाव्या शतकातला सवाल आहे. सोवळ्याचा प्रत्येक रखवालदार त्याच कुशीत नऊ महिने वाढला, जिची त्याला पुढे शिसारी यायला लागली. सोयराबाईच्या या मुद्द्याला कुणी धड उत्तर दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

उत्तराऐवजी गोळी निघाली. घरात सत्यनारायण किंवा मंगळागौर ठरली की बायका औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायची गोळी आणतात, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, एकमेकींना विचारून. माझ्या एका मावशीने गौरींच्या तीन दिवसांसाठी ती दहा दिवस घेतली. पुढचे दोन महिने तिची पाळी मार्गावर आली नाही, आणि हे तिने घरात कुणालाही सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे पुन्हा तोच विषय. गौर घरी येते ती माहेरवाशीण म्हणून. एका माहेरवाशिणीला दुसरीच्या अंगचं काय खटकलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

पहाऱ्याचं खरं रूप बघायचं तर प्रवेश झाल्यानंतर बघावं. २० मार्च १९२७ ला महाडमध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेली हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' करून घेतलं. पुढे १९४७. २९ एप्रिलला घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारं कलम संमत केलं आणि दोनच दिवसांनी, १ मेला, साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विठ्ठलाचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं एवढीच मागणी. सुमारे दहा दिवसांनी ती मान्य झाली. तेव्हा विरोधकांनी मूर्तीतलं तेज मंत्रांनी एका घागरीत काढून घेतलं, अशी हकीकत सांगितली जाते. पुन्हा घागरच. त्या घागरीचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. लोक मात्र त्याच मूर्तीच्या पायांवर डोकं ठेवत राहिले, घागर शोधत कुणी गेलं नाही.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर नोव्हेंबर २०१५ घ्या. शनिशिंगणापूरला एक तरुणी बायकांना बंद असलेल्या शनीच्या चौथऱ्यावर चढून तेल वाहून गेली आणि चौथऱ्याचं शुद्धीकरण झालं. २ जानेवारी २०१९ ला केरळातल्या शबरीमलेत, जिथे पाळीच्या वयाच्या बायकांना आत घेत नसत, तशा दोन बायका दर्शन घेऊन गेल्या, लगेच देऊळ बंद करून शुद्धी करण्यात आली, मग पुन्हा उघडलं. या चारही प्रसंगांत आत गेलेल्या माणसांनी काय केलं? पाणी प्यायलं, तेल वाहिलं, हात जोडले. त्यांच्या मनात पाप होतं अशी तक्रार कुणाचीच नव्हती, कारण त्यांचं मन हा चौकशीचा विषयच नव्हता. शुद्धीकरण देवासाठी करतात असं म्हणतात, पण देव कधी तक्रार घेऊन आलेला नसतो. ते गावाला दाखवायला करतात. कोण वर आणि कोण खाली, हे नुसतं सांगून जुनं होतं, म्हणून अधूनमधून घागरी घेऊन सांगावं लागतं.

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाकडे मी याच नजरेने बघतो. नाशिकला २ मार्च १९३० ला सुरू झालेला हा लढा पुढे काही वर्षं चालला. मंदिरात जायला मिळाल्याने आपले सगळे प्रश्न सुटणार नाहीत, हे बाबासाहेब पहिल्यापासून सांगत होते. भांडण दर्शनाचं नव्हतं, मला अशुद्ध ठरवणारे तुम्ही कोण, हे होतं. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ज्यांनी दार राखलं त्यांनी काय राखलं आणि काय घालवलं, याचा हिशेब त्यांच्या वारसांनी अजून मांडलेला नाही.

याला एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. शबरीमलेचं दार सर्व वयाच्या बायकांना खुलं करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २८ सप्टेंबर २०१८ च्या निकालात चार न्यायाधीश एका बाजूला होते आणि न्या. इंदू मल्होत्रा एकट्या दुसऱ्या. धर्माच्या प्रथा तर्काला धरून आहेत का, हे न्यायालयाने ठरवायला बसू नये, असं त्यांचं म्हणणं. मला ते निम्मं पटतं. काकडआरती किती वाजता, नैवेद्य कशाचा, मंत्र कोणता, यात न्यायाधीशांनी पडू नये. उद्या कुणी आचमनाचा उपयोग सिद्ध करा म्हणाला तर मीच त्याच्याशी भांडेन. पण देवळातला विधी आणि देवळाचं दार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दार रस्त्यावर उघडतं. त्यातून कुणाला परत पाठवलं की तो माणूस तसाच अपमान घेऊन गावात राहतो, शाळेत जातो, पाणवठ्यावर जातो. तिथे धर्माचा खासगीपणा संपतो. राज्यघटनेच्या २५व्या कलमातच धर्मस्वातंत्र्याच्या जोडीला हिंदूंच्या सार्वजनिक देवस्थानांची दारं सर्व वर्गांना खुली करण्याची तरतूद आहे, ती उगाच नाही.

आपल्या राज्यात तर १९५६ पासून असा कायदाच आहे. साठ वर्षं तो बहुतेकांच्या गावीही नव्हता. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो बाहेर निघाला आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, शिंगणापूरचा चौथरा बायकांना मोकळा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जायची मुभा त्याच न्यायालयाने बायकांना दिली. तिथली बंदी २०११-१२ च्या सुमाराची होती. त्याआधी बायका आतपर्यंत जात होत्या. फार पूर्वापार म्हणून सांगितलेली परंपरा कधीकधी अशी पाच वर्षांची निघते.

दुसरा आक्षेप वस्त्रसंहितेचा. अलीकडे बऱ्याच देवस्थानांनी ती लावली, जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिरानेही जाहीर केली. खरं सांगायचं तर माझा तिला फार विरोध नाही. अंगभर कपडे घालणं कुणालाही जमण्यासारखं आहे, म्हणजे माझ्या खुणेला ते उतरतं. माझी हरकत शब्दाला आहे. याला शिस्त म्हणा, शोभा म्हणा, रीत म्हणा. पावित्र्य म्हणू नका. शिस्तीबद्दल वाद घालता येतो, ती बदलता येते, कुणी चुकला तर दारात एखादं उपरणं देऊन आत घेता येतं. पावित्र्याचा भंग झाला म्हटलं की समोरची मुलगी एकदम आरोपी होते, आणि तिच्या गुडघ्यांकडे बघणारे सगळे आपोआप पवित्र ठरतात.

आणि पवित्र-अपवित्र खरंच बघायचं असेल तर गुडघ्यापाशी का थांबायचं? पैसे भरून लवकर दर्शन घेणाऱ्यांच्या रांगेत ते पैसे कुठून आले हे कुणी विचारत नाही. सोन्याचा मुकुट आला की तो वाजतगाजत आत जातो. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने सांगितलं आहे की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. ज्यू परंपरेत योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा सर्वांत मोठा दिवस, पण माणसाने माणसाचा केलेला अपराध त्या दिवसानेही फिटत नाही, ज्याला दुखावलं त्याची समजूत घालावी लागते. आमच्या आजीने यातलं काहीही वाचलेलं नव्हतं. जावेला बोललेलं तिला टोचलं आणि तिने पाट मांडला नाही, बस. परसातल्या बाईबद्दल मात्र तिला कधी टोचलं नाही. ती बाई तिच्या मनाच्या हद्दीतच नव्हती.

इथे मला एक मोह होतो. देवळाच्या दारात उद्या एक माणूस बसवावा आणि त्याने प्रत्येकाला विचारावं: घरकाम करणाऱ्या बाईचा पगार दिला का? भावाची जमीन सोडली का? सुनेशी शेवटचं नीट कधी बोललात? रांग कशी भराभर ओसरेल याची कल्पना करून मजा वाटते. पण मग मीच दारात बसलो की. पहारेकऱ्याच्या हातातली यादी बदलली, पहारा तसाच राहिला. हे प्रश्न बरोबर आहेत, पण ते ज्याने त्याने चपला काढता काढता स्वतःला विचारायचे आहेत.

गंमत म्हणजे यासाठी परंपरेच्या बाहेर जावंच लागत नाही. कुठल्याही पूजेच्या आरंभी गुरुजी अंगावर पाणी शिंपडत म्हणतात, 'अपवित्रः पवित्रो वा सर्वावस्थां गतोऽपि वा'. अपवित्र असो, पवित्र असो, कुठल्याही अवस्थेत असो, ज्याने त्या कमलनयनाचं स्मरण केलं तो आतून-बाहेरून शुद्ध. पाळीच्या दिवसांचा अपवाद या श्लोकात नाही, जातीचाही नाही. आणि पूजेच्या शेवटी म्हणतात, 'आवाहनं न जानामि न जानामि तवार्चनम्', तुला बोलवावं कसं, पुजावं कसं, मला काहीच येत नाही. सुरुवातीला कुठलीही अवस्था चालेल म्हणायचं, शेवटी मला कळत नाही अशी कबुली द्यायची, आणि मधल्या वेळात मागे बसलेल्या बाईला 'अडचण तर नाही ना?' विचारायचं.

माझी मागणी म्हणाल तर छोटी आहे. चपला बाहेर काढा, फोन बंद ठेवा, रांगेत या, अशा पाट्या राहू द्याव्यात. पाय धुवायला नळ असावेत, आणि त्यांना पाणी असावं. 'मासिक धर्मात प्रवेश करू नये' या पाट्या तेवढ्या काढाव्यात, कोर्टाने सांगायची वाट न बघता. ज्या बाईला त्या दिवसांत स्वतःहून जायचं नसेल, ती पाटी नसली तरी जाणार नाही. तो तिचा आणि तिच्या देवाचा व्यवहार आहे.

आजीच्या जागी त्या दिवशी पूजा मी केली. आदल्या दिवशी तिच्याच डब्यातले सुटे पैसे मी उचलले होते आणि नाव धाकट्या भावाचं सांगितलं होतं. ते कुणाला ठाऊक नव्हतं. माझी मुंज झालेली होती, आंघोळ झालेली होती, तेवढं पुरलं. मी देवांना ताम्हनात घातलं, पाणी घातलं, पुसून जागेवर ठेवलं, फुलं वाहिली, निरांजन ओवाळलं आणि घंटा वाजवली. घंटा वाजली तसा परसातला भांड्यांचा आवाज थांबला. निरांजन खाली ठेवून मी खिडकीतून पाहिलं. ती बाई उकिडवी बसल्या जागेवरच, राखेने बरबटलेले हात जोडून, डोळे मिटून होती.